चिवड्याचा पाय चाकात अडकला (हॅमस्टर, सिडको, मदत हवी)

अबोली_सिडको
१२ डिसेंबर, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात पडीक असते. या विभागात पहिलाच धागा, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे हॅमस्टर आहे, नाव चिवडा. (नाशिककरांना वेगळं कारण सांगायला नको.) बुटक्या जातीचा, राखाडी, पाठीवर काळी रेघ, आठेक महिन्यांचा. मुलगा सातवीत आहे, त्याने वाढदिवसाला हट्ट करून आणलाय.

आज जेवणं चालू असताना चिरकल्यासारखा आवाज आला. जाऊन बघते तर चिवडा चाकाला उलटा लटकलेला, मागचा डावा पाय तारांच्या फटीत. ह्यांनी पक्कड आणून तार कापली. पाय सुटला, पण गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला वळलाय आणि तो टेकवत नाही. चार-पाच थेंब रक्त गेलं, आता थांबलंय. कोपऱ्यात अंग फुगवून बसलाय, डोळे अर्धे मिटलेले. सोडवताना ह्यांच्या बोटाला कडकडून चावला ते वेगळंच.

दोन दवाखान्यांत फोन उचलला नाही. तिसरीकडे उचलला तर समोरचे म्हणाले, "म्हणजे उंदीरच ना? अहो, अडीचशेत नवीन मिळेल." फोन स्पीकरवर होता आणि मुलगा शेजारी उभा होता.

तर रात्र कशी काढू? घरात मुलाचं तापाचं औषध आहे आणि गेल्या महिन्यातलं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप आहे. शेजारच्या काकू म्हणतात दोन थेंब पाज, चिघळणार नाही. हळद लावू का? पायाला आइस्क्रीमची काडी बांधू का? कोणी जागं असेल तर प्लीज सांगा.

---

काडेपेटी
१२ डिसेंबर, रात्री ११:४९

शीर्षक वाचून पाककृती समजून आलो होतो. हलके घ्या. बरा होवो बिचारा.

---

पंचवटीकर
१२ डिसेंबर, रात्री ११:५५

काय दिवस आलेत. आमच्या वाड्यात गोदाघाटाकडून घुशी यायच्या, मांजरं त्यांना बघून पळायची. आम्ही पिंजरे लावायचो ते उंदीर पकडून नदीपलीकडे सोडायला. आता तुम्ही पिंजऱ्यात ठेवून त्यांचे पाय सांधताय. असो, मुलाचा जीव आहे त्याच्यात.

तुपात हळद कालवून लावा. आणि ते सिरप द्या थोडं. आमच्या कुत्र्याला हेच दिलं होतं, खडखडीत बरा झाला.

---

गोठेवाला
१३ डिसेंबर, रात्री १२:०३

अबोलीताई, ते सिरप देऊ नका. बाकीचं नंतर वाचा.

मी पशुधन विकास अधिकारी होतो, दिंडोरी, पेठ, सिन्नर असा फिरलो, एकतीस वर्षं गायी-म्हशी केल्या. हॅमस्टर मी नोकरीत एकदाही पाहिला नाही. पण मुलगी पुण्यात लहान प्राण्यांची डॉक्टर आहे आणि निवृत्तीनंतर वर्षातले सहा महिने मी तिच्या दवाखान्यात बसून असतो. आत्ता तिला उठवून विचारूनच लिहितोय.

पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही माणसांची रोजची अँटिबायोटिक औषधं हॅमस्टरला विषासारखी आहेत. त्याच्या आतड्यात जे चांगले जंतू अन्न पचवतात ते या औषधांनी मरतात आणि मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम नावाचा वाईट जंतू माजतो. त्याचं विष आतडं सडवतं, जुलाब लागतात आणि दोन-चार दिवसांत खेळ आटोपतो. हे इतकं हमखास होतं की माणसातल्या त्या आजाराचा अभ्यास करायला प्रयोगशाळेत हॅमस्टरच वापरत आलेत. लोकांना वाटतं पाय मोडून गेला. तो पायाने गेलेला नसतो.

तापाचं औषधही नको. तुमचा मुलगा समजा ४० किलो, चिवडा समजा ४० ग्रॅम. हजार पट फरक. त्याच्या डोसाचा हजारावा भाग तुम्ही कशाने मोजणार?

पंचवटीकर, तुमचा कुत्रा बरा झाला यात शंका नाही. कुत्र्याचं आतडं वेगळं.

---

अबोली_सिडको
१३ डिसेंबर, रात्री १२:०७

बापरे. काका, ड्रॉपर हातात होता हो माझ्या. ठेवला.

---

मोडआलेलेमूग
१३ डिसेंबर, रात्री १२:१६

अबोली, मी नाशिकरोडची. आतापर्यंत चार हॅमस्टर झाले आणि त्यातल्या एकाचा पाय असाच गेला होता, असल्याच जाळीच्या चाकात. आज रात्री जेवढं कमी कराल तेवढं बरं.

पिंजरा रिकामा करत बसू नका, त्याला त्यातून काढा. हाताने उचलू नका, दुखतंय त्याला, पुन्हा चावेल. रुंद मग आडवा ठेवा, मागून हळूच ओंजळ लावा, आपणहून आत जाईल. मानेची कातडी धरून तर मुळीच उचलायचं नाही, यांचे डोळे बाहेर येतात त्याने. गुळगुळीत भिंतीचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, गहू-तांदळाचा मोठा असतो ना, तो. झाकण नको, वर जाळी. पिंजऱ्याच्या गजांवर हे तुटक्या पायानेही चढतात आणि वरून पडतात. चाक नको, शिडी नको, वाळूची आंघोळ नको.

खाली पांढरा, बिनवासाचा टिश्यू पेपर फाडून भरपूर टाका. पांढराच, कारण त्यावर रक्त लगेच दिसतं. कापूस नको, त्याचे धागे पायाला गुंडाळतात आणि पोटात गेले तर आतडं अडतं. सुताराकडचा भुसा पण नको, त्यात प्लायवूडचा डिंक असतो.

थंडी आहे. बाटलीत कोमट पाणी भरून, मोज्यात घालून डब्याच्या अर्ध्या भागाखाली ठेवा. अर्ध्याच. गरम झालं तर त्याला सरकायला जागा हवी.

पाण्याची नळी त्याला आता पोचणार नाही. बाटलीच्या झाकणात पाणी ठेवा आणि तोंडाजवळ काकडीची चकती. काडी बांधू नका, रात्रभर कुरतडेल, आणि घट्ट झाली तर पायाचं रक्त थांबेल. हळदीचं म्हणाल तर तो ती चाटणार आणि सकाळी डॉक्टरांना पिवळ्याखाली काही दिसणार नाही. जखमेत घाण असेल तरच सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने पुसा. डेटॉल नाही.

मग दिवा बंद करा आणि मुलाला झोपवा.

---

गोठेवाला
१३ डिसेंबर, रात्री १२:२४

यात बदलण्यासारखं काही नाही. भर एवढीच, की या जिवात रक्त किती असतं याचा अंदाज असू द्या. वजनाच्या सात-आठ टक्के. ४० ग्रॅमच्या प्राण्यात साधारण ३ मिली, म्हणजे चहाचा चमचासुद्धा भरत नाही. वीस थेंब गेले तर तिसरा हिस्सा गेला. चार-पाच थेंब म्हणालात ते निभेल. पुन्हा सुरू झालं तर स्वच्छ कापड धरून पाच मिनिटं सलग दाबायचं, मधे उचलून बघायचं नाही. नखातून येत असेल तर कॉर्नफ्लोअर चिमटीने दाबा.

हाड बाहेर दिसत असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, मागचे दोन्ही पाय ओढत असेल, तर मात्र सकाळची वाट बघू नका.

आणि यजमानांच्या बोटाचं. साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. घरात वाढलेल्या हॅमस्टरपासून रेबीज झाल्याचं ऐकिवात नाही, पण धनुर्वाताच्या इंजेक्शनाचं उद्या तुमच्या डॉक्टरांना विचारा.

---

अबोली_सिडको
१३ डिसेंबर, रात्री १:३१

सगळं केलं. केकसाठी काटा आहे घरात, त्यावर मगसकट ठेवून मग वजा केला, ४१ ग्रॅम. काका, तुमचा अंदाज! हाड दिसत नाही. काकडी हुंगली, खाल्ली नाही. मुलगा डब्याशेजारीच सतरंजी टाकून झोपलाय. मी जागी आहे.

---

काडेपेटी
१३ डिसेंबर, सकाळी ७:१०

रात्रीचा विनोद मागे घेतो. काय झालं?

---

अबोली_सिडको
१३ डिसेंबर, दुपारी २:४०

जिवंत आहे. पहाटे काकडी अर्धी संपलेली दिसली तेव्हा मी सिंकपाशी उभी राहून रडले, हे इथेच सांगते, घरात कुणाला सांगितलं नाही.

मूगताईंनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) एका डॉक्टरांचं नाव दिलं, गंगापूर रोडच्या बाजूला. इथे लिहीत नाही, कुणाला हवं असेल तर व्यनि करा. सिडकोतून दुपट्ट्यात डबा गुंडाळून रिक्षाने गेले. रिक्षावाल्याला म्हटलं, खड्डे जपून. म्हणाला, बाळ आहे का? म्हटलं हो.

त्यांनी एक्स-रे काढला. एका मोठ्या लॅब्राडॉरनंतर त्याच टेबलावर हा चिंगळ्या. नडगीचं हाड मोडलंय, आत दोन तुकडे, कातडी फक्त खरवडलेली. म्हणाल्या, या मापाच्या प्राण्यात प्लास्टर टिकत नाही, तो ते कुरतडूनच काढतो. तीन-चार आठवडे छोट्या डब्यात विश्रांती, हाड जुळेल, वाकडं जुळलं तरी चालेल. दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम दिलंय, अगदी पातळ करून, सुई काढलेल्या इन्सुलिनच्या सिरिंजने तोंडाच्या बाजूने द्यायचं. जखमेसाठी एन्रोफ्लॉक्सॅसिन, हे त्याला चालणारं अँटिबायोटिक. रोज एकाच वेळेला वजन करून वहीत लिहायचं, दहा टक्के उतरलं तर फोन करायचा.

---

गोठेवाला
१३ डिसेंबर, दुपारी ३:१५

चांगल्या हातात आहे. डोस विचारायला मला व्यनि आलेत दोघांचे, त्यांना इथेच उत्तर: नाही. वजनावर असतो आणि डॉक्टरांनीच काढायचा.

मेलॉक्सिकॅम वाचून बरं वाटलं. आमच्या वेळी दुखण्यावर ऊठसूट डायक्लोफेनॅक टोचायचे गुरांना. तशी मेलेली गुरं खाऊन गिधाडं जवळजवळ संपली, तेव्हा २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद केलं आणि त्याच्या जागी हे आलं, कारण याने गिधाडं मरत नाहीत. हरसूलकडे खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली गुरं टाकतात, तिथे मी ड्यूटीवर असताना गेलोय. अवांतर झालं, पण चिवड्याच्या सिरिंजेत काय भरलंय ते कळलेलं बरं.

---

तिसरी_घंटा
१३ डिसेंबर, सायंकाळी ६:०२

अवांतरच चालू आहे म्हणून. जगभर पाळले जाणारे मोठे सोनेरी हॅमस्टर, म्हणजे सिरियन, जवळजवळ सगळे एका घराण्यातले आहेत. १९३० मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले इस्राएल आहारोनी यांनी सीरियात अलेप्पोजवळच्या शेतात खणून एक मादी आणि तिची पिल्लं काढली, त्यांतल्या वाचलेल्या पिल्लांचा हा वंश. चिवड्याचं मूळ मात्र तिथलं नाही, पाठीवर रेघ असलेले हे बुटके मध्य आशियाच्या गवताळ पट्ट्यातून आलेत.

याचा उपयोग एवढाच की सिरियन अगदी एकलकोंडा असतो, दीड-दोन महिन्यांचा झाला की दुसरा हॅमस्टर त्याला डोळ्यासमोर नको. आणि आपल्याकडचे दुकानदार म्हणतात, एकटा झुरून मरतो, जोडी न्या. माझ्या बहिणीने नेली. आठवड्यात एकाचं पोट फाडलेलं. २०१८ पासून पेट शॉपसाठी केंद्राचे नियम आहेत, दुकानाची नोंदणी लागते. घेताना नोंदणीचा कागद विचारून बघा, दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

---

पंचवटीकर
१३ डिसेंबर, रात्री ९:३०

एक्स-रे? उंदराचा? आमच्या आईचा खुबा मोडला तेव्हा एक्स-रेसाठी आम्ही तीन दिवस फिरलो होतो. राग नाही, पण किती पैसे गेले ते तरी कळू द्या.

---

अबोली_सिडको
१३ डिसेंबर, रात्री ९:५२

काका, सगळं मिळून साडेनऊशे. गेल्या रविवारी आम्ही चौघं मिसळ खायला गेलो त्याच्यापेक्षा थोडे जास्त. हिशोब तुम्हीच करा.

---

द्राक्षवाला
१४ डिसेंबर, सकाळी ८:२०

ताई, थंडीचं मनावर घ्या. आम्ही निफाडकडचे. आमच्याकडे पारा पाच-सहावर आला की मणी तडकू नयेत म्हणून बागेत रात्री शेकोट्या पेटवतो. त्या रात्री लेकीचा हॅमस्टर ओसरीवर राहिला. सकाळी लाकडासारखा ताठ, गार, डोळे मिटलेले. वडिलांनी पेरूखाली खड्डा काढला. लेक हातातून सोडेना. तिच्या हातात असताना मिशी हलल्याचं तिनेच पाहिलं. आम्ही म्हटलं भास आहे. मग सगळे श्वास रोखून बघत बसलो, तर मिनिटभराने छाती एकदा वर आली.

गरम पाण्यात वगैरे घालू नका कुणी. लेकीने स्वेटरच्या आत पोटाशी धरला, तासाभराने थरथरायला लागला, मग डोळे. त्यानंतर बोटावर जरा साखरपाणी. खड्डा बुजवला, त्यात आता कढीपत्ता आहे.

---

गोठेवाला
१४ डिसेंबर, सकाळी ९:०५

ही शीतनिद्रा. गारठा आणि उपास एकत्र आला की शरीर सगळं मंदावतं. धडधाकट हॅमस्टर यातून उठतो. जखमी, अशक्त असेल तर उठेलच असं नाही, म्हणून अबोलीताईंनी बाटली रात्री दोनदा बदलावी. मेला की झोपला हे ओळखायला: मेलेला काही तासांनी ताठ होऊन पुन्हा सैल पडतो. झोपलेल्याची मिशी आणि छाती हलते, पण मिनिट-दोन मिनिटं थांबून बघावं लागतं. घाईने कुणी पुरू नका.

---

मोडआलेलेमूग
१४ डिसेंबर, सकाळी ११:४०

वजन किती आज? आणि खायला काय देताय?

---

अबोली_सिडको
१४ डिसेंबर, रात्री १०:१५

काल ४०, आज ३९. देते ते: मऊ उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, मोड आलेले मूग (तुमच्या नावाने), बिनमिठाची नाचणीची पेज, भोपळ्याच्या दोन बिया. बिया बघून डोळे उघडतो, गालात भरतो आणि खात नाही, टिश्यूखाली पुरून ठेवतो. मोडक्या पायाने बेगमी चाललीय. चिरंजीवांनी द्राक्ष दिलं होतं, काढून घेतलं.

---

मोडआलेलेमूग
१४ डिसेंबर, रात्री १०:३३

द्राक्ष धुवून अर्धा मणी क्वचित चालतं, पण या बुटक्यांना मधुमेह पटकन होतो, म्हणून गोड टाळलेलंच बरं. कांदा, लसूण, संत्रं, मोसंबी बंद. आणि खरा चिवडा तर नाहीच!

पेरतोय ना? मग जगतोय. माझा पेरायचा थांबला होता, दुसऱ्या दिवशी गेला.

---

काडेपेटी
१५ डिसेंबर, दुपारी १:००

प्रामाणिक प्रश्न. मग चाक कुठलं घ्यायचं? भाच्याकडे तेच जाळीचं आहे, पिंजऱ्यासोबत आलेलं.

---

मोडआलेलेमूग
१५ डिसेंबर, दुपारी १:२२

आजच काढ ते. धावायचा भाग सलग हवा, फट नको, गज नको. माप असं की धावताना पाठ सरळ राहिली पाहिजे, कमानीसारखी वाकली तर चाक लहान. बुटक्यांना २० सेंटीमीटर व्यास, सिरियनला २८ च्या आसपास. पिंजऱ्यासोबत फुकट येतं ते कायम लहान असतं. नवीन येईपर्यंत निदान आतून जाड पुठ्ठा वळवून तारेने बांध, फटी झाकल्या जातील. कुरतडला की बदल.

---

अबोली_सिडको
१८ डिसेंबर, सकाळी ६:५५

मंडळी, वाईट बातमी आहे. दोन दिवस छान होता, ४० वर आला होता. आज पहाटे डब्यात रक्त. स्वतःचाच पंजा चावलाय त्याने. दोन बोटं नाहीत. उरलेला पंजा काळपट आहे, हात लावला तर गार. त्याला काही कळतही नसावं, बसून शांतपणे चावतोय, जसं बी सोलतात तसं. मुलाला अजून उठवलेलं नाही.

---

गोठेवाला
१८ डिसेंबर, सकाळी ७:२०

पंजाचं रक्त तुटलंय, मज्जातंतूही गेला असणार. ज्या भागात जाणीव नाही तो त्याला आपला वाटत नाही, म्हणून तो कुरतडून टाकतोय. दवाखाना उघडायच्या आधी फोन करा. पाय काढावा लागेल असं मुलगी म्हणते. तीन पायांवर हे प्राणी उत्तम जगतात हेही तिचंच म्हणणं.

तुम्हाला दुसरा पर्यायही सांगितला जाईल, कायमचं झोपवण्याचा. तो सांगणारा डॉक्टर वाईट नसतो. चाळीस ग्रॅमच्या जिवाला भूल देणं जोखमीचं आहे, नाही म्हणणार नाही.

---

पंचवटीकर
१८ डिसेंबर, सकाळी ७:४८

मी सरळ बोलतो. दोन वर्षांचं आयुष्य त्या प्राण्याचं, त्यातलं आठ महिने गेलं. कापाकापी करून त्याला का त्रास? तुमच्या समाधानासाठी का त्याच्यासाठी, हे एकदा स्वतःला विचारा.

---

मोडआलेलेमूग
१८ डिसेंबर, सकाळी ८:०५

काका, आठ महिने गेले म्हणजे सव्वा वर्ष उरलंय. त्याच्या मानाने अर्ध्याहून जास्त आयुष्य.

---

तिसरी_घंटा
१८ डिसेंबर, सकाळी ८:११

प्रश्न उद्धट नाही पण. मीही बहिणीला हाच विचारला असता.

---

अबोली_सिडको
१८ डिसेंबर, सकाळी ११:३०

पंचवटीकर काका, विचारलं स्वतःला. पहिल्या रात्री तो कोपऱ्यात अंग फुगवून बसला होता, तेव्हा कुणी झोपवू म्हणालं असतं तर मी हो म्हटलं असतं. आज तो पंजा चावतोय, मधेच उठून बी पुरतोय, पुन्हा येऊन चावतोय. बी पुरणाऱ्याला कसं झोपवू?

ऑपरेशन उद्या सकाळी. साडेतीन हजार. मुलाने दिवाळीचे साठवलेले बाराशे आणून टेबलावर ठेवले. घेतले मी. नको म्हणणार होते, पण त्याचं तोंड बघून घेतले.

तिथल्या मदतनिसाने सांगितलंय की रात्री आठनंतर काही खायला द्यायचं नाही.

---

गोठेवाला
१८ डिसेंबर, सकाळी ११:४१

थांबा. ते कुत्र्या-मांजरांचं आहे, सवयीने बोलला असेल. हॅमस्टर, उंदीर यांना उलटी होतच नाही, त्यामुळे भुलेत ओकून गुदमरण्याची भीती नसते. उलट रात्रभर उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते आणि तो भुलेआधीच गळून जातो. डॉक्टरांना स्वतःला विचारा. गालाच्या पिशव्या मात्र रिकाम्या करून घ्याव्या लागतात, ते त्या बघतील.

---

अबोली_सिडको
१८ डिसेंबर, दुपारी १२:१०

फोन केला. डॉक्टरच बोलल्या: खायला ठेवा, पहाटेपर्यंत. मदतनिसाला त्यांनी माझ्यासमोरच फोनवर झापलं, मलाच अवघडल्यासारखं झालं.

---

अबोली_सिडको
१९ डिसेंबर, दुपारी १:१८

झालं. अकरा मिनिटं. बोटाच्या टोपणाएवढा मास्क होता म्हणे, भुलीच्या आयसोफ्लुरेनची वाफ. पाय मांडीच्या वरच्या बाजूने काढला, थोडका ठेवला की तो घासत राहतो. टाके कातडीच्या आत, विरघळणारे, वरून दिसत नाहीत, म्हणजे ओढायला काही नाही. गरम पॅडवर शुद्धीवर आला. तासाभरात काकडी.

गालाच्या पिशवीतून सात भोपळ्याच्या बिया आणि एक टिश्यूची गोळी निघाली. कागदात बांधून दिल्यात त्यांनी.

---

द्राक्षवाला
१९ डिसेंबर, दुपारी १:४०

वा! लेकीला वाचून दाखवलं.

---

काडेपेटी
१९ डिसेंबर, दुपारी २:०५

सात बिया घेऊन ऑपरेशनला गेला. मी साध्या दातासाठी घाबरतो.

---

पंचवटीकर
१९ डिसेंबर, रात्री ८:००

बरं झालं.

---

अबोली_सिडको
२५ जानेवारी, रात्री १०:५०

बरेच दिवस लिहायचं राहिलं. दहा दिवस डब्यात ठेवला, टिश्यू रोज बदलत होतो. मधे टाक्यांपाशी सूज आली होती, ती औषधाने उतरली. वजन ४४. नवीन चाक आणलंय, सलग, २१ सेंटीमीटर. पहिल्या आठवड्यात तीन पायांनी उडत उडत धावायचा आणि चाकातून बाहेर फेकला जायचा, म्हणून खाली टिश्यूची गादी केली होती. आता फेकला जात नाही. पिंजऱ्यातला वरचा मजला काढून टाकला. पिंजरा उघडायचा तो जमिनीवर बसूनच, असा घरात नियम झालाय, कारण यांना उंची कळत नाही आणि हातातून सरळ उडी टाकतात.

एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली नसती तर आम्हाला कळली नसती. डावा मागचा पाय नाही म्हणजे डावा कान खाजवता येत नाही. तो मान वाकडी करतो, थांबतो, बघतो. चिरंजीव रोज रात्री मऊ टूथब्रशने तो कान खाजवून देतात. ब्रश कानाला लागला की जिथे पाय होता तिथली कातडी भराभर हलायला लागते. पाय आहे असं समजून अजून खाजवतोय तो.

गालातल्या त्या सात बियांपैकी चार आम्ही कुंडीत लावल्या होत्या. दोन उगवल्यात.

---

मोडआलेलेमूग
२५ जानेवारी, रात्री ११:०४

आज झोप लागणार छान.

---

पंचवटीकर
२६ जानेवारी, सकाळी ९:१५

वेल गच्चीवर चढवा, सिडकोत ऊन चांगलं असतं. लाल भोपळा निघाला तर घारग्यांची पाककृती टाका, तुमच्या विभागात.

---

सुरंगी_नवी
३ फेब्रुवारी, रात्री १०:२०

नमस्कार, मी नवीन सदस्य आहे. पूर्ण धागा वाचला. आमचा ससा दोन दिवस शिंकतोय, नाकाला चिकट येतंय. इथेच विचारू का?

---

अबोली_सिडको
३ फेब्रुवारी, रात्री १०:२६

नवा धागा काढा, काका तिथे येतील. आणि घरातलं अमॉक्सिसिलिन पाजू नका हं.